कावळा दिसण्याची शक्यता

आलोकच्या पक्षीफेरीला आजवर जमलेली सर्वांत मोठी गर्दी चार माणसांची होती, आणि त्यातला एक जण आलोकची जुनी पजेरो विकायची आहे का, हे विचारायला आला होता.

आलोक मूळचा पुण्याचा. कुवेतमध्ये एका तेलशुद्धीकरण कारखान्यात प्रोसेस इंजिनीअर होता, महबूल्यात राहायचा, आणि गेली सहा वर्षं पक्ष्यांच्या नादी लागला होता. दर शुक्रवारी, म्हणजे सुटीच्या दिवशी, सगळं कुवेत गाढ झोपलेलं असताना तो पहाटे फिंतासच्या किनाऱ्यावर जाऊन उभा राहायचा. 'नवशिक्यांचे स्वागत' असं मराठी पत्रक त्याने एगैल्यातल्या एका दुकानातून रंगीत छापून घेतलं होतं. शंभर प्रती काढल्या होत्या, त्यांतल्या नव्वद अजून गाडीच्या डिकीत होत्या.

हा सगळा उपक्रम मुळात लुबनाबाईंचा. त्या कुवेती, रुमैथियात राहणाऱ्या, जीवशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका. ज्याला चिमणी आणि कबुतर यापलीकडे काही येत नाही अशा माणसाच्या हाती दुर्बीण द्यायची, हा त्यांचा धर्म. अरबी आणि इंग्रजी फेऱ्या त्या स्वतः चालवत. मराठी लोकांसाठी आलोकने फेरी काढावी म्हणून त्यांनी त्याला दहा दुर्बिणींची एक पेटी दिली होती. ऑगस्टमध्ये त्यांचा फोन आला.

"सालमियातल्या फिलिपिनो गटाकडे तीस माणसं आहेत आणि दुर्बिणी तीन," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "तुझ्याकडे दुर्बिणी दहा. आणि माणसं?"

"कमी-जास्त होतात," आलोक म्हणाला.

"सप्टेंबरात मी स्वतः येते. पंधरा माणसं दिसली तर पेटी तुझ्याकडे राहील. नाहीतर मी ती घेऊन जाईन. रागावू नकोस."

आलोक रागावला नाही, पण जेवला नाही. नाशिकची त्याची बायको नीरजा त्याच्या समोर बसून शांतपणे आमटी-भात खात होती.

"तू मराठी मंडळाच्या ग्रुपवर लिहीत का नाहीस?" तिने विचारलं.

"लिहिलं होतं ना गेल्या महिन्यात. कुणी उत्तरसुद्धा दिलं नाही. मग मी तो ग्रुप म्यूट केला."

"काय लिहिलं होतंस?"

आलोकने फोन काढून वाचून दाखवलं. "'शुक्रवारी ओहोटीची वेळ लक्षात घेता स्थलांतरित किनारी पक्ष्यांच्या निरीक्षणास अनुकूल परिस्थिती असून इच्छुकांनी उपस्थित राहावे.'"

नीरजाने हातातला घास खाली ठेवला. "आलोक," मग ती म्हणाली, "हे वाचून मला तुझ्याशी लग्न केल्याचा पश्चात्ताप होत नाही. पण झोप येते."

सप्टेंबर उजाडला आणि पितृपक्ष लागला. कुवेतमधल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर दरवर्षी याच दिवसांत एकच प्रश्न येतो, तसा यंदाही आला: इथे कावळा कुठे मिळेल? साळुंक्या हव्या तेवढ्या, बुलबुल गॅलरीत, कबुतरं तर एसीच्या बाहेरच्या डब्यावर संसार मांडून बसलेली. पण कावळा नाही. लोक गॅलरीच्या कठड्यावर घास ठेवायचे आणि कबुतरं तो खाऊन वर घुमायची. एका बाईंनी गावाकडच्या गुरुजींना व्हिडिओ कॉलवर कबुतर दाखवून चालेल का विचारलं होतं. गुरुजी म्हणाले चालेल. पण ते ज्या सुरात चालेल म्हणाले, त्याने कुणाचं समाधान झालं नव्हतं.

नीरजाने हे सगळं वाचलं. मग ती आलोकच्या टेबलाशी गेली आणि त्याची वही उघडली. मंगळवारच्या पानावर त्याच्या बारीक अक्षरात नोंद होती: 'सायं. ५.४०, मासेमारीच्या धक्क्यामागे, कावळा - २. उपद्रवी, बाहेरून आलेली जात.' तिने वही मिटून जागच्या जागी ठेवली, ओट्यापाशी उभं राहून ग्रुपवर चार ओळी लिहिल्या आणि पाठवून दिल्या:

'शुक्रवारी पहाटे सव्वापाच. फिंतास किनारा, मासेमारीचा धक्का. पक्षीफेरी, नवशिक्यांचे स्वागत. कावळा दिसण्याची शक्यता.'

आलोकला तिने काही सांगितलं नाही. त्याचा ग्रुप म्यूटच होता.

शुक्रवारी आलोकने गाडी वळवली तेव्हा पार्किंगमध्ये जागा नव्हती. त्याला आधी वाटलं, समुद्रात कुणी बुडालं. उजाडत होतं, हवा ओल्या टॉवेलसारखी अंगाला चिकटत होती, आणि धक्क्यापाशी पन्नासेक माणसं उभी होती. बायका साड्या नेसून आल्या होत्या. पुरुषांनी आंघोळी केल्या होत्या, हे त्यांच्या केसांवरून दिसत होतं. प्रत्येकाच्या हातात स्टीलचा डबा होता.

लुबनाबाई डोक्यावर रुंद कडांची टोपी घालून, वही-पेन घेऊन एका बाजूला उभ्या होत्या. आलोक जवळ गेला तेव्हा त्यांचे डोळे पाणावल्यासारखे झाले होते.

"त्रेपन्न," त्या म्हणाल्या. "मी दोनदा मोजले. माझ्या अरबी फेरीलासुद्धा एवढे कधी आले नाहीत. केलंस काय तू?"

"पत्रकं वाटली," आलोक म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं. "आणि बघा, नाश्तासुद्धा घेऊन आलेत."

नीरजा गाडीतून दुर्बिणींची पेटी काढत होती. ती जरा जास्तच वेळ वाकून राहिली.

आलोकने घसा साफ केला. सहा वर्षांत त्याला एवढा श्रोतृवर्ग लाभला नव्हता. "नमस्कार मंडळी. आज आपण ओहोटीच्या चिखलात उतरणारे पक्षी बघणार आहोत. हे पाण्याच्या कडेला तुरुतुरु पळतायत ना, ते चिखल्या. त्यांच्या पलीकडे शेपटी हलवतोय तो तुतवार."

त्रेपन्नांतल्या एकानेही पाण्याकडे पाहिलं नाही. सगळे वर बघत होते. दिव्यांच्या खांबांवर, तारांवर, समोरच्या इमारतींच्या गच्च्यांवर. आलोकने मागे वळून आकाशाकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं.

पुढच्या रांगेत पुंडलिक उभा होता. तो देवगडकडचा, एसीच्या डक्टचं काम करणारा, महबूल्यात पाच जणांबरोबर एका खोलीत राहणारा. आलोकच्या घरचा एसी त्यानेच बसवला होता, त्यामुळे त्याला बोलायला संकोच वाटला नाही.

"साहेबानू," त्याने विचारलं, "कावळो खय आसा?"

"कावळा?" आलोक म्हणाला. "कावळा कशाला बघायचा?"

डब्यांच्या कड्या कुठेतरी वाजल्या. मग मंडळाचे अध्यक्ष देवदत्त मुळे दोन पावलं पुढे आले. देवदत्त एका पेट्रोकेमिकल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते आणि दोन पावलं पुढे यायची त्यांना सवय होती.

"आलोक, निरोपात स्पष्ट लिहिलंय," ते म्हणाले आणि त्यांनी फोन पुढे धरला.

आलोकने चारही ओळी वाचल्या. शेवटची ओळ त्याने पुन्हा वाचली. मग तो हळूहळू बायकोकडे वळला. नीरजा दुर्बीण उलटी धरून एका साध्या कुरव पक्ष्याचं फार मन लावून निरीक्षण करत होती.

"काही अडचण आहे का?" लुबनाबाईंनी विचारलं.

अडचण होती. पत्रकावरचा पहिलाच नियम लुबनाबाईंचा होता: पक्ष्यांना खायला घालू नका. आणि इथे खीर, वडे, भात आणि अळूच्या भाजीने भरलेले त्रेपन्न डबे त्यांच्या समोर उभे होते.

शेवटी नीरजाच दुर्बीण खाली ठेवून पुढे आली. तिने लुबनाबाईंना एका दमात सगळं सांगून टाकलं. या पंधरवड्यात आम्ही आमच्या गेलेल्या माणसांची आठवण करतो, त्यांच्या आवडीचं रांधतो आणि कावळ्याला घास ठेवतो. त्याने खाल्लं की त्यांना पोचलं. इथे कावळा नाही म्हणून लोक खंतावतात. निरोप मी पाठवला. आलोकला ठाऊक नव्हतं. त्याला खरंच वाटलं की पत्रकांमुळे आले.

"बिचारा," लुबनाबाई म्हणाल्या. त्यांनी टोपी सारखी केली. "म्हणजे हे पक्षी बघायला आलेले नाहीत."

"एक पक्षी बघायला आलेत," नीरजा म्हणाली. "सुरुवात एकापासूनच होते ना?"

लुबनाबाईंनी एकदा त्या डब्यांवरून नजर फिरवली. "इथे कावळ्यांची एक जोडी आहे, ती मी गेले दोन महिने शोधतेय," मग त्या म्हणाल्या. "मला त्यांची मोजणी हवी आहे, दर वेळी निसटतात. ठीक आहे. वाळूवर एक शीतही सांडायचं नाही. एक ताट. दहा मिनिटं. उरलेलं सगळं उचलून परत न्यायचं, नाहीतर बलदियाचे, म्हणजे नगरपालिकेचे, लोक आधी मला धरतील."

एक ताट म्हटल्यावर निराळाच प्रश्न उभा राहिला. देवदत्तांच्या पत्नी चारुशीलाबाई घरून मोठं ताट घेऊन आल्या होत्या. ते धक्क्याच्या कट्ट्यावर ठेवलं गेलं आणि प्रत्येकाने त्यात आपल्या डब्यातलं चमचाभर घातलं. पाचच मिनिटांत ताटात पाच प्रकारच्या खिरी एकमेकींत मिसळल्या. एकीने कपभर चहा ओतायचा प्रयत्न केला, तिला आवरलं. एका तरुणाने मारी बिस्किट ठेवलं. आजोबांना मधुमेह होता, शेवटची आठ वर्षं घरच्यांनी त्यांना बिस्किटाला हात लावू दिला नव्हता, असं त्याने सगळ्यांना समजावून सांगितलं.

पुंडलिकची पाळी आली. त्याने डबा उघडला. आत तळलेला बांगडा होता.

"थांबा," देवदत्त म्हणाले. "एकाच ताटात मासळी कशी चालेल?"

"माझो बापूस होडयेवर होतो," पुंडलिक म्हणाला. "तेका दुसरा काय घालू? खीर बघून तो उठान जातलो."

"भावना समजतो मी. पण बाकीच्यांचंही बघायला हवं."

काही बायकांनी आपापली खीर बांगड्यापासून लांब सरकवता येते का, हे बघितलं. पुंडलिक डबा हातात धरून उभा राहिला. भांडायचा त्याचा स्वभाव नव्हता, पण डबाही बंद करवेना. नीरजाने ते पाहिलं आणि ती लुबनाबाईंकडे गेली.

"एक विचारू? मासा समुद्रातला. समुद्राच्या काठी मासाच ठेवला तर ते बाहेरचं अन्न होतं का?"

लुबनाबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईला असले प्रश्न कुठून येतात ते कळतं. "कच्चा आहे?"

"तळलेला."

"मसाला?"

"भरपूर."

"धुऊन आणा," लुबनाबाई म्हणाल्या. "तिथल्या दगडावर ठेवा. तो मी मासा म्हणून धरीन."

पुंडलिक गुपचूप पाण्यापर्यंत गेला, उकिडवा बसला आणि त्याने तो बांगडा समुद्राच्या पाण्यात धुतला. परत येताना त्याचा चेहरा कसनुसा झाला होता. "मसालो धुतलंय," तो नीरजाला हळूच म्हणाला. "बाबा माका गाळी घालतलो."

एवढ्यात कुणीतरी "आला" असं कुजबुजलं आणि सगळे जागच्या जागी थिजले.

धक्क्यामागच्या दिव्याच्या खांबावर कावळा येऊन बसला होता. करड्या मानेचा, साधा, आपल्याकडे कुणी ढुंकूनही बघणार नाही असा. त्रेपन्न माणसं त्याच्याकडे अशी बघत होती, जशी विमानतळावर येणाऱ्यांच्या दाराकडे बघतात. एका बाईंनी डोक्यावर पदर घेतला. थोड्या वेळाने दुसराही कावळा आला आणि पहिल्याच्या शेजारी बसला. लुबनाबाईंनी वहीत दोन असं लिहिलं आणि वेळ टाकली.

कावळे खाली येईनात. माणसं ताटाभोवती कडं करून, माना वर करून उभी होती. पाच मिनिटं गेली.

"काहीतरी मागे राहिलंय त्यांचं," एक वयस्कर गृहस्थ म्हणाले. "इच्छा राहिली की शिवत नाही. शब्द द्यावा लागतो."

मग सुरुवात झाली. आधी लोक मनातल्या मनात बोलले. त्याने काही होईना, तेव्हा ओठ हलू लागले. मग आवाज फुटले. एक बाई सासूबाईंना म्हणाल्या की तुमच्या दोन्ही पैठण्या नणंदेला देते, एक नव्हे, दोन्ही. एका गृहस्थांनी वडिलांना सांगितलं की तंबाखू सोडतो. त्यांची बायको मागून म्हणाली, "मार्चमध्ये सोडली होती ना तुम्ही?" एका तरुण नर्सने डोळे मिटून मावशीला सांगितलं की मी त्या मुलाला हो म्हणते, आणि तिच्या दोन मैत्रिणींनी एकदम डोळे उघडून विचारलं, कुठल्या? तिने डोळे मिटूनच ठेवले. मारी बिस्किटवाल्या तरुणाने आजोबांना सांगितलं की शेवटच्या वर्षी आजीच्या नकळत तुम्हाला जिलबी आणून देणारा मीच होतो, पण ते तुम्हाला माहीतच आहे.

कावळे खांबावरून हलले नाहीत. पहिल्याने पंखाखाली चोच घालून पिसं साफ केली.

आता फक्त देवदत्त राहिले होते. ते दोन्ही हात मागे बांधून ताठ उभे होते. चारुशीलाबाईंनी त्यांना कोपराने हलकं ढकललं. "अहो, अप्पांना काही सांगायचंय का तुम्हाला?"

"नाही," देवदत्त म्हणाले. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, खाली बघितलं आणि काहीतरी पुटपुटले.

"साहेब, कावळो लांब हा," पुंडलिक मदतीच्या भावनेने म्हणाला. "जरा मोठ्यान बोला."

देवदत्तांच्या कपाळावर घाम आला होता. तो हवेतल्या ओलाव्यामुळे आहे असं त्यांना दाखवता आलं असतं. पण त्यांनी मान वर केली आणि कावळ्याकडे बघून मोठ्याने म्हणाले, "अप्पा, त्या कविता तुमच्या आहेत. अकराच्या अकरा. यंदाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात मी सगळ्यांसमोर सांगतो."

"सांगून झालां, साहेब," पुंडलिक म्हणाला.

देवदत्त दरवर्षी गणेशोत्सवात आपली एक स्वरचित कविता वाचत. अकरा वर्षं मंडळाने त्या मुकाट ऐकल्या होत्या. मागून कुणीतरी विचारलं, "म्हणजे ती 'वाळवंटात मी' सुद्धा? पण तुमचे वडील कुवेतला कधी आले होते?"

"मूळ कविता 'परळात मी' अशी आहे," देवदत्त म्हणाले. "मी फक्त तेवढा शब्द बदलला."

चारुशीलाबाई नवऱ्याकडे बघतच राहिल्या. "तरीच," त्या म्हणाल्या. "मला वाटायचंच, अहो, वाळवंटात गिरणीचा भोंगा कसा वाजतो."

आधी एक जण हसला, मग दुसरा, आणि मग धक्क्यावर एकच हशा पिकला. देवदत्त काही क्षण तसेच उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला, आणि मग, अकरा वर्षांत कुणी पाहिला नव्हता असा, सैल झाला. तेही हसले. हसता हसता त्यांनी रुमालाने डोळे पुसले, आणि तो रुमाल बराच वेळ खिशात परत ठेवला नाही.

हशाने दचकून दोन्ही कावळे उडाले आणि पलीकडच्या खांबावर जाऊन बसले.

आलोक इतका वेळ लांब, रागाने फुगून उभा होता. पण सहा वर्षांची सवय होती. तो रागातही कावळ्यांकडेच बघत होता, आणि काय चाललंय ते त्याला स्वच्छ दिसत होतं. शेवटी त्याला राहवलं नाही. तो पुढे आला.

"तुमच्या कुणाचं काही मागे राहिलेलं नाही," तो म्हणाला. "तुम्ही ताटाला गराडा घालून त्याच्या डोळ्यांत बघताय. तुम्ही खाल का असं? मागे या सगळे. तीस पावलं. ताटाकडे पाठ करा आणि पाण्याकडे तोंड करून खाली बसा. बोलायचं नाही, हात हलवायचे नाहीत. कावळ्याकडे बघायचंच नाही. ताटावर लक्ष मी ठेवतो."

त्याच्या आवाजात असं काही होतं की त्रेपन्न माणसं निमूट तीस पावलं मागे गेली. पुंडलिकने पावलं मोजली. साड्या सावरत, गुडघे सांभाळत सगळे वाळूत बसले. लुबनाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. दहा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. त्यांनी बाही खाली ओढून घड्याळ झाकलं आणि त्याही बसल्या.

आता करायला काहीच नव्हतं. नीरजाने रांगेतून दहा दुर्बिणी पुढे सरकवल्या. कावळ्याकडे बघायची बंदी, बोलायची बंदी. मग समोर जे होतं ते लोक बघू लागले. समोर चिखलात चिखल्या पळत होते. चार पावलं पळायचं, थबकायचं, काहीतरी टिपायचं, पुन्हा पळायचं.

"आमचो सुपरवायझर असोच चालता," पुंडलिक कुजबुजला.

आलोक रांगेमागून हळू आवाजात सांगत गेला. हा चिखल्या मध्य आशियातून आलाय, दोन-चार दिवसांपूर्वीच पोचला असेल. काही इथेच राहतील, काही पुढे आफ्रिकेपर्यंत जातील.

"व्हिसा?" तंबाखूवाल्या गृहस्थांनी विचारलं.

"लागत नाही."

"बरं आहे."

चारुशीलाबाईंच्या दुर्बिणीत एक काळा बगळा आला. तो उथळ पाण्यात पंख छत्रीसारखे पसरून, त्यांच्या सावलीत आलेले मासे टिपत होता. बाईंनी दुर्बीण खाली घेतली, नवऱ्याच्या हातात दिली आणि बोटाने दिशा दाखवली. देवदत्त बराच वेळ बघत राहिले. पलीकडच्या बाईंनी दुर्बीण मागितली तरी त्यांना ऐकू गेलं नाही. डोक्यावरून हिरवट पाखरांचा एक थवा किलबिलत दक्षिणेकडे गेला. ते वेडे राघू आहेत, हे आलोकने गरज नसताना दोनदा सांगितलं, कारण त्या क्षणी त्रेपन्नच्या त्रेपन्न माना त्या थव्यामागे वळल्या होत्या.

"आला," मग तोच म्हणाला. "कुणी वळू नका."

पहिला कावळा आधी दगडावर उतरला. त्याने धुतलेला बांगडा उचलला, चोचीत धरून जरा विचार केल्यासारखं केलं आणि टाकून दिला. मग टुणकन उडी मारून तो ताटाच्या कडेवर बसला आणि भातात चोच घातली. आलोक प्रत्येक घास हळू आवाजात सांगत होता. भात. वडा, कुणाचा ते सांगता येत नाही. पुन्हा भात. आता मारी बिस्किट. बिस्किट घेऊन जरा लांब गेला, खातोय. रांगेत कुणी हललं नाही, पण कुणाचे तरी हुंदके ऐकू आले, आणि कुणीतरी कुणाचा तरी हात धरला.

दुसरा कावळा मात्र ताटाकडे फिरकलाच नाही. त्याने दगडावरचा बांगडा उचलला आणि समुद्रावरून थेट दक्षिणेकडे उडून गेला.

मग ताट उचललं गेलं. वाळूत पडलेली चार शितं पुंडलिकने बोटांनी वेचली. कावळ्याने खाल्लेला वडा कुणाचा, यावरून तीन कुटुंबांत थोडा वाद झाला. प्रत्येकीचं म्हणणं होतं की रंगावरून ओळखू येत होतं. लुबनाबाईंच्या तक्त्यात 'लोक कशासाठी आले' असा एक रकाना असतो. त्या क्षणभर थांबल्या आणि त्यांनी लिहिलं: 'नातेवाइकांना भेटायला.' दुर्बिणींची पेटी त्यांनी उचलून आलोकच्या डिकीत, पत्रकांवर ठेवली.

परतताना आलोकने दोन सिग्नल ओलांडले.

"तू खोटं लिहिलंस," मग तो म्हणाला.

"एक शब्द खोटा दाखव. मी 'शक्यता' म्हटलं होतं. शब्द तुझाच आहे."

"मी 'आढळण्याची शक्यता' म्हणतो. 'दिसण्याची' नाही."

"म्हणून तुझ्याकडे चार माणसं येतात," नीरजा म्हणाली आणि तिने त्याच्या हातात गरम चहाचा थर्मास दिला.

पुढच्या शुक्रवारी एकाहत्तर माणसं आली, पण ती धरायची नाहीत. पितृपक्ष संपल्यावरच्या शुक्रवारी आलोकने नीरजाला सांगूनच ठेवलं होतं की आज आपण दोघंच असू. सव्वापाचला किनाऱ्यावर सतरा माणसं होती. डबे कुणाकडेच नव्हते. चारुशीलाबाईंना पंख पसरणारा तो काळा बगळा पुन्हा बघायचा होता. तंबाखूवाले गृहस्थ चिखल्या अजून इथेच आहेत की पुढे गेले, हे पाहायला आले होते. नर्ससोबत एक उंच, लाजरा मुलगा होता आणि त्याच्याकडे सगळे दुर्बिणीशिवायच बघत होते.

पुंडलिक नीरजाच्या शेजारून चालत होता. त्याने आपल्या खोलीतले दोघे सोबत आणले होते आणि त्यांना आधीच पढवून ठेवलं होतं की बगळ्यासमोर मोबाईल वाजला तर परत आणणार नाही.

"वैनीनू, त्या दिवशी मी आवशीक फोन केलंय," तो म्हणाला. "सगळा सांगलंय. बाबांनी मासो तोंडात घेतल्यानी आनि टाकल्यानी, मगे भात खाल्ल्यानी."

"मग? काय म्हणाल्या?"

"म्हणाली, अळणी मासो तेंच्या घशाखाली कधीच उतरलो नाय. म्हणजे तेच. तिका पटला." पुंडलिक दोन पावलं चालला. "मगे इचारल्यान, पन तो मासो दुसऱ्यान नेलो, तो दुसरो कोन?"

नीरजा हसू दाबत त्याच्याकडे वळली. "तुम्ही काय सांगितलंत?"

"मी म्हटलंय, आये, बाबांचो कुवेतातलो कोनतरी दोस्त असतलो. तर म्हणता कशी," पुंडलिक म्हणाला, "दोस्त होतो ना, मगे तेकाय जेवान वाढ फुडल्या वर्साक. मसालो लावन."

पुढे आलोक हात वर करून थांबला होता, आणि त्याच्या मागची सतरा माणसं न बोलता खाली बसत होती.